‘धंद्याला सुट्टी नसते’ हे खरं का?

लग्नाची पंगत असो वा होलसेल बाजार, नवा धंदा सुरू केलेल्या माणसाला एक वाक्य हमखास ऐकवलं जातं: ‘नोकरदाराला सुट्टी असते, धंद्याला नसते. एक दिवस शटर खाली राहिलं की गिऱ्हाईक तुटलं.’ सांगणारा बहुधा वडीलधारा असतो आणि त्याने स्वतः आयुष्य गल्ल्यावर काढलेलं असतं, त्यामुळे उलट बोलायची सोय नसते. ऐकणारा मग पहाटे दुधाचे क्रेट उतरवून घेण्यापासून सुरुवात करतो आणि रात्री उशिरा रोजमेळ जुळवून उठतो. मधल्या वेळात तोच मालक, तोच नोकर, तोच हिशेबनीस आणि तोच वसुलीवाला. काही वर्षांनी नेहमीच्या गिऱ्हाइकाने भाव विचारला तरी त्याच्या कपाळाला आठी पडते. सेल्समनचा फोन वाजत राहतो, उचलवत नाही. सुट्टे पैसे देताना चूक होते. घरचे म्हणतात स्वभाव बदलला, बाजार म्हणतो धंद्यात लक्ष राहिलं नाही.

याला बर्नआउट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये आपल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत त्याच्या तीन खुणा नोंदवल्या: अंगातलं त्राण संपल्यासारखा थकवा, कामाबद्दल दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काम धड होत नाही ही भावना. संघटनेने बर्नआउटला आजार मानलेलं नाही. कामाचा ताण दीर्घकाळ आटोक्यात न आल्याचा तो परिणाम आहे, असं तिचं म्हणणं. म्हणजे दोष माणसाच्या जिद्दीत शोधायचा नसून कामाच्या मांडणीत शोधायचा आहे. तरीही मालक खचला की त्याला आणखी जिद्द धरायला सांगितलं जातं, आणि इथेच नुकसान होतं.

जास्त तास म्हणजे जास्त काम, हे गणित तरी बरोबर आहे का? स्टॅनफर्ड विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ जॉन पेंकॅव्हल यांनी पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश दारूगोळा कारखान्यांच्या नोंदी तपासून 2014 मध्ये निष्कर्ष मांडले. आठवड्याला साधारण 49 तासांपर्यंत तास वाढले तसं उत्पादन वाढलं. पुढे वाढीचा वेग घसरत गेला, आणि 70 तास राबलेल्यांचं उत्पादन 56 तास राबलेल्यांपेक्षा फारसं वेगळं नव्हतं. रविवारची विश्रांती बुडाली तर उत्पादनाला फटका बसत होता. दुकान म्हणजे कारखाना नव्हे, हे मान्य. पण मालाची ऑर्डर देणं, उधारी कुणाला द्यायची ते ठरवणं, चिडलेल्या गिऱ्हाइकाशी गोड बोलणं या कामांना तोफगोळे भरण्यापेक्षा ताजं डोकं कमी लागतं, असं कोण म्हणेल? शरीराचा हिशेब तर आणखी कडक आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या 2021 च्या अभ्यासानुसार, आठवड्याला 55 किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका 35 ते 40 तास काम करणाऱ्यांपेक्षा 35 टक्के जास्त असतो आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका 17 टक्के जास्त.

आता गिऱ्हाईक तुटण्याबद्दल. मुंबईचे डबेवाले 1890 पासून डबे पोचवत आहेत. तेही पगारी नोकर नाहीत, आपल्या धंद्याचे भागीदारच आहेत. मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर भागातल्या गावच्या जत्रांसाठी ते दरवर्षी साधारण एप्रिलमध्ये काही दिवस एकदम सुट्टीवर जातात. तारखा आधी जाहीर होतात, आणि या दिवसांचे पैसे कापू नका अशी विनंतीही गिऱ्हाइकांना केली जाते. जत्रा संपली की डबे पुन्हा सुरू. पुण्यात चितळे बंधूंचं दुकान कित्येक दशकं दुपारी एक ते चार बंद असे. ती सुट्टी 2017 मध्ये संपली, पण नाव मोठं झालं ते दुपारी कुलूप असतानाच. गिऱ्हाईक वैतागतं ते ठरलेल्या वेळेला शटर खाली दिसलं तर. सुट्टीचा वार आधीपासून ठाऊक असेल तर ते आदल्या दिवशी येऊन जातं.

आणि ज्या पिढीचा दाखला दिला जातो, तिचं काय? 1948 चा मुंबई दुकाने व आस्थापना कायदा अपवाद सोडता दुकानांना आठवड्यातून एक दिवस बंद ठेवायलाच लावत होता. बाजारपेठांचे बंदचे वार त्यातूनच रुळले. वर्षाचे 365 दिवस दुकान उघडं ठेवण्याची मोकळीक महाराष्ट्रात 2017 च्या नव्या कायद्याने आली. या कायद्याने कामगाराची साप्ताहिक सुट्टी राखली, मालकाच्या सुट्टीबद्दल मात्र कुणी बोललं नाही. म्हणजे सुट्टी नसलेला धंदा ही काही वाडवडिलांची रीत नव्हे. ती अलीकडची सवय आहे, आणि तिला परंपरेचं नाव देऊन तरुण दुकानदारांच्या गळ्यात बांधणं थांबायला हवं.

एक आक्षेप मात्र रास्त आहे. डबेवाले एकमेकांना सांभाळून घेतात, चितळ्यांकडे माणसं आहेत. एकट्या माणसाने काय करायचं? 2015-16 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या 6 कोटी 34 लाख लहान बिगरशेती उद्योगांपैकी सुमारे 84 टक्के उद्योगांत एकही कायमचा पगारी माणूस नव्हता. यांना ‘काम वाटून द्या’ हा सल्ला देणं क्रूरपणाचं आहे. पण त्यांनाही महिनाभर बिलं तासागणिक मोजता येतात. दुपारी अडीच ते साडेचारमध्ये किती विक्री झाली, रात्री साडेनऊनंतर किती झाली, हे कागदावर आलं की कोणते तास निव्वळ भीतीपोटी उघडे आहेत ते कळतं. व्हॉट्सॲप बिझनेसवर कामाचे तास लावता येतात, बंद वेळेत आपोआप निरोप जातो. वर्षाला 5 कोटींपर्यंत उलाढाल असलेल्याला जीएसटीचं विवरणपत्र महिन्याऐवजी तिमाहीला भरण्याची योजना 2021 पासून आहे. कर महिन्याला भरावा लागतो, पण कागदपत्रांची दगदग कमी होते. प्रत्येक उपाय छोटा आहे, पण मोकळे झालेले तास खरे आहेत.

दुसरा समज: ‘चार दिवस महाबळेश्वरला जाऊन ये, सगळं ठीक होईल.’ मीना वेस्टमन आणि डोव्ह एडन या संशोधकांनी 1997 मध्ये कारकुनी काम करणाऱ्यांवर केलेल्या अभ्यासात सुट्टीत बर्नआउट कमी झाला खरा. पण कामावर परतल्यावर तिसऱ्या दिवशी तो काही प्रमाणात परत आला आणि तीन आठवड्यांत पूर्वपदाला पोचला. सुट्टी हवीच, पण परतल्यावर तेच सोळा तास आणि तीच अडकलेली बिलं समोर असतील तर तिचा उपयोग किती टिकणार?

अडकलेल्या बिलांचा विषय तर बर्नआउटच्या चर्चेत येतच नाही, आणि तो यायला हवा. भोसरीच्या एमआयडीसीत जॉबवर्क करणाऱ्याची झोप उडते ती लेथ मशीनमुळे नव्हे. मोठ्या कंपनीने माल उचलून पैसे लटकवलेले असतात आणि शनिवारचा पगार डोक्यावर असतो. 2006 च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उत्पादकाचे किंवा सेवा देणाऱ्याचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. तक्रार ऑनलाइन करता येते. 2023-24 या आर्थिक वर्षापासून अशी देणी मुदतीत न देणाऱ्या खरेदीदाराला ती रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. या संरक्षणासाठी ‘उद्यम’ ही सरकारी नोंदणी लागते, आणि निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला ते मिळत नाही. मोठं गिऱ्हाईक दुखावेल म्हणून अनेक जण तक्रार करत नाहीत. ती भीती खोटी नाही, पण बिलावर उद्यम क्रमांक आणि 45 दिवसांची अट छापायला काहीच हरकत नाही.

बाकीचे समज थोडक्यात. ‘आवडीचं काम करणारा थकत नाही’: हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी 1974 मध्ये बर्नआउटवर पहिल्यांदा सविस्तर लिहिलं, ते न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यातल्या, जीव ओतून काम करणाऱ्या माणसांबद्दलच. ‘धंदा तेजीत असताना कसला थकवा’: तेजीत कामही वाढतंच. ‘ध्यान केलं की झालं’: झोपेला मदत होऊ शकते, तास कमी होत नाहीत. ‘चहा मारला की तरतरी’: संध्याकाळचे कप रात्रीची झोप खातात.

‘थकवाच आहे, डॉक्टर कशाला’ हा शेवटचा समज धोक्याचा आहे. रक्तक्षय, थायरॉइड आणि मधुमेहातही असाच थकवा येतो, तेव्हा आधी रक्त तपासून घ्यावं. बर्नआउट कामापुरता असतो. दुकानाबाहेरही कशातच मन रमत नसेल, दोन आठवड्यांहून जास्त उदास वाटत असेल किंवा जगणं नकोसं झालं असेल, तर ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. केंद्र सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन ऑक्टोबर 2022 पासून 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत चालते आणि तिथे मराठीत बोलता येतं.