पंधरा किलो पेलतो, पण पिळतो किती?

"पंधरा किलो पेलतोय की! अजून काय पायजे?" माधवनगर, सांगली, मिरज या पट्ट्यात माळ्यावरचा जुना लाकडी प्लेट कॅमेरा उतरवून त्यात पुन्हा फिल्म घालणारे जे हौशी आहेत, त्यांच्या तोंडून हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता समोरचा "पंधरा" म्हणाला की पुढचं मीच म्हणतो. लेन्स कुठली, फिल्म कुठली यावर ही माणसं रात्र रात्र वाद घालतात. स्टँड, म्हणजे ट्रायपॉड, घ्यायची वेळ आली की खोक्यावरचा एक आकडा वाचतात आणि पैसे मोजून मोकळी होतात.

तो आकडा खोटा असतो असं नाही, पण आपल्या कामाशी त्याचा फारसा संबंध नसतो. स्टँडवर सरळ खाली तेवढं वजन ठेवलं तर पाय घसरणार नाहीत, सांधे सुटणार नाहीत, इतकंच तो सांगतो. तो काढायचा कसा, त्यात सुरक्षिततेसाठी किती सूट धरायची, हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. त्यामुळे एका कंपनीचे आठ किलो आणि दुसरीचे पंधरा किलो यांची तुलनाच होत नाही. बाजेवर चार माणसं बसतात, म्हणून कूस बदलल्यावर ती हलत नाही असं आपण म्हणतो का?

४×५ इंची फिल्मचा घडीचा लाकडी कॅमेरा लेन्ससकट दोन-तीन किलोंचा असतो. रेलवर सरकणारा मोनोरेल घेतला तर चार-पाच किलो. म्हणजे वजनाचा प्रश्न बहुतेक स्टँडच्या बाबतीत कधीच सुटलेला आहे. अडचण येते ती पिळाची. कॅमेरा मधल्या एका स्क्रूवर उभा, त्याच्या पुढे वीत-दीड वीत ताणलेला भाता, आणि भात्याच्या टोकाला लेन्स. आता तुम्ही काय करता ते बघा. काळ्या कापडाखाली जाऊन काचेवर चौकट बसवता, फोकस करता, शटर मिटता. मग मागची स्प्रिंग दाबून फिल्मचा होल्डर बाजूने आत सरकवता, आणि स्लाइड ओढून काढता. ढकलणं आणि ओढणं, दोन्ही कॅमेऱ्याच्या मागच्या टोकाला, मधल्या स्क्रूपासून लांब. स्टँड पिळला आणि हात काढल्यावर पुरता मूळ जागी आला नाही, तर काचेवर तुम्ही बसवलेली चौकट आणि फिल्मवर उमटणारी चौकट वेगळी. देवळाचा कळस कापला जातो तो असा, आणि खापर फुटतं होल्डरवर.

मग येतो वारा. ताणलेला भाता हे चांगलं ऐसपैस शीड आहे. साताऱ्याकडे चाळकेवाडी, वनकुसवड्याच्या पठारांवर पवनचक्क्या कशासाठी उभ्या केल्या आहेत, हे विसरून तिथं लोक बोटाएवढ्या पायांचा स्टँड रोवतात. साधा हिशेब करा. आयएसओ १०० ची फिल्म, लख्ख उन्हात एफ/१६ ला सेकंदाचा शंभरावा भाग. आपण वापरतो एफ/३२, म्हणजे पंचविसावा. सावलीत तीन स्टॉप आणखी गेले की एक तृतीयांश सेकंद. ढग उठून दिसावेत म्हणून नारिंगी फिल्टर लावला तर सव्वा सेकंदाच्या वर. तेवढा वेळ वारा थांबेल, अशी आशा धरायची का?

याच्या उलट बाजूने येणारा युक्तिवादही ठरलेला: "आपल्या कॅमेऱ्यात आरसा आपटत नाही आणि निगेटिव्ह मोठी आहे, थोडं हललं तर दिसत नाही." आरशाचं खरं आहे. निगेटिव्हचं अर्धंच खरं. १६×२० इंची प्रिंटसाठी ४×५ ची फिल्म साधारण चौपट वाढवावी लागते, आणि ३५ मिलीमीटरची सतरा पट. पण आपली नेहमीची लेन्स १५० मिलीमीटरची, ३५ मिलीमीटरवाल्यांची ५० ची, म्हणजे कॅमेरा तेवढाच कलला तरी आपल्या फिल्मवरची प्रतिमा तिप्पट सरकते. गुणाकार केला तर मोठ्या निगेटिव्हचा फायदा जेमतेम दीडपटीवर येतो, आणि शटर दहापट जास्त वेळ उघडं राहिलं की तोही संपतो.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका. डेव्हिड बेरीरायझर या अमेरिकी अभ्यासकाने अनेक ट्रायपॉडना पीळ देऊन ते किती ताठ राहतात आणि थरथर किती लवकर विरते, याची मोजमापं प्रसिद्ध केली आहेत. खोक्यावरच्या किलोंवरून ताठपणाचा अंदाज येत नाही आणि मधला खांब वर काढला की ताठपणा चांगलाच घसरतो, या दोन गोष्टी त्यातून स्पष्ट दिसतात. आणखी पुरावा हवा असेल तर जमीन मोजणाऱ्यांकडे बघा. त्यांच्या स्टँडसाठी आयएसओ १२८५८ च्या दुसऱ्या भागात जड आणि हलका असे वर्ग आहेत, आणि माथा पिळून सोडल्यावर तो किती अचूक परत येतो हीसुद्धा त्यात कसोटी आहे. आपल्या फोटोच्या धंद्यात आयएसओ १२२२ आहे, पण ते जोडणीच्या स्क्रूपुरतं.

म्हणूनच मला मोजणीच्या स्टँडबद्दल आदर आहे. विश्रामबागला वालचंद कॉलेजच्या परिसरात सिव्हिलची मुलं खांद्यावर टाकून नेतात तोच. प्रत्येक पायाला दोन समांतर दांड्या, माथ्याशी रुंद बिजागरी, टोकाला लोखंडी अणी. पिळाला सहसा दाद देत नाही. दोष आहेतच. लाकडी असेल तर पाच-सहा किलो ओझं, पायांना ठरावीक कोनावर थांबवणारी कळ नाही, त्यामुळे फरशीवर तिन्ही पाय दोरीने बांधावे लागतात, आणि माथ्यावरचा स्क्रू ५/८ इंची, म्हणजे जोड करून घ्यावा लागतो. कुपवाड एमआयडीसीत लेथवाल्यांची वाण नाही.

घरात आहे त्या स्टँडची परीक्षा घ्यायची असेल, तर लेझर पॉइंटर पुरतो. रात्री लांब व्हरांड्यात कॅमेरा उभा करा, पॉइंटर कॅमेऱ्याच्या तळाच्या पाटीला रबराने घट्ट बांधा आणि दहा मीटरवरच्या भिंतीवर ठिपका पाडा. तिथे पेन्सिलची खूण करा. आता नेहमीसारखा होल्डर घाला, स्लाइड ओढा, हात काढा. ठिपका खुणेपासून एक मिलीमीटर सरकला, तर १५० च्या लेन्सने फिल्मवर प्रतिमा सुमारे ०.०१५ मिलीमीटर सरकेल. इतकं चालतं. एक सेंटिमीटर सरकला, तर पंधरा किलोंचा तो आकडा तुम्ही फ्रेम करून भिंतीवर लावू शकता. मग पॉइंटर पुढच्या लेन्सच्या चौकटीवर बांधून पुन्हा बघा. पहिल्या वेळी ठिपका स्थिर होता आणि आता नाचतोय, तर स्टँडला शिव्या देऊ नका. कॅमेऱ्याचेच खिळखिळे स्क्रू आवळा.

दुकानात ही परीक्षा करता येत नाही. तिथे नजर ठेवायची ती सगळ्यात वरच्या नळीच्या जाडीवर. धातू आणि पत्र्याची जाडी तीच असेल तर नळीचा ताठपणा व्यासाच्या घनाने वाढतो. २८ मिलीमीटरऐवजी ३६ मिलीमीटरची नळी घेतली की ताठपणा दुपटीच्या वर. पाय तीन तुकड्यांचे असावेत, चार-पाच नकोत, कारण शेवटचा तुकडा करंगळीएवढा होतो आणि प्रत्येक सांधा थोडा खेळतो. मधला खांब निघत असेल तर काढून टाकून सपाट माथा बसवा.

"जड तेवढा भक्कम" हे वरच्याच गैरसमजाचं धाकटं भावंड. जाड कार्बन फायबरचा दोन किलोंचा स्टँड चार किलोंच्या सैल अ‍ॅल्युमिनियमला सहज मागे टाकतो. बॅग टांगली की झालं? टांगलेल्या वजनाने पाय जमिनीत बसतात, स्टँड उलटत नाही, पण पीळ कमी होत नाही. आणि वाऱ्यात झोके घेणारी बॅग नवीनच धक्के देते. टांगायचीच तर जमिनीला टेकेल इतकी खाली टांगा.

लाकडी स्टँड जुनाट असतो, हे ऐकलं की मात्र मला राग येतो. आलेप्पीत बनलेले सागवानी वागीश्वरी कॅमेरे देशभरच्या फोटोग्राफरांनी लाकडी स्टँडवरच चालवले. जर्मनीत बेर्लेबाख आजही अ‍ॅश लाकडाचे ट्रायपॉड बनवते, कारण लाकूड थरथर लवकर गिळतं. जुन्या स्टँडचे पितळी स्क्रू आवळून बघा, फेकू मात्र नका.

हेडबद्दल थोडक्यात. "बॉल हेड चालतच नाही" हे चूक. मोठ्या गोळ्याचं चांगलं चालतं. पण एक कळ सैल केली की कॅमेरा तिन्ही दिशांना सुटतो, आणि भाता पुढे ताणलेला असताना तो नाकावर येतो. एकेक दिशा वेगळी आवळणारं थ्री-वे हेड म्हणूनच सोयीचं. "लग्नाच्या शूटिंगचं फ्लुइड हेड आहे की घरात" म्हणणाऱ्यांनी पाहावं, ते आडवं कलतं का. हेड जितकं बुटकं आणि त्याची पाटी जितकी रुंद, तितकं बरं.

असेच आणखी काही समज. "अणीचे पाय सगळीकडे चांगले": काळ्या मातीत ते फोटो चालू असतानाच खचत जातात, खाली फळकुट ठेवा. कासच्या सड्यावर तर रबरच, तिथली झाडं अणीने टोचायची नसतात.

"स्टँड चांगला असला की कुठेही उभा करावा": सांगलीच्या १९२९ च्या आयर्विन पुलावर किंवा रेल्वे स्टेशनच्या फलाटावर जमीनच थरथरते. गाडी जाईपर्यंत थांबणं एवढंच हातात आहे.

"स्क्रू हरवला, एम ६ चा बोल्ट बसतो": एम ६ सहा मिलीमीटरचा, पाव इंची ६.३५ चा, आणि आट्यांमधलं अंतर १ मिलीमीटर विरुद्ध १.२७. दोन फेरे बसतो, मग जोर लावला की कॅमेऱ्याच्या पितळी बुशचे आटे कापून काढतो. हार्डवेअरच्या दुकानात पाव इंच, वीस आटे असं सांगून मागा.