पॉइंट टू-टूचे काडतूस: स्वस्त कशाला म्हणायचे?

कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले, तेव्हा त्याच्या रायफलीत जे काडतूस होते त्याच जातीचे काडतूस अमेरिकेत दर शरद ऋतूत खारींच्या आणि सशांच्या शिकारीसाठी वापरले जाते. हे .२२ लाँग रायफल, नेमबाजांच्या तोंडी ‘पॉइंट टू-टू’. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, म्हणून हा विषय अमेरिकेचाच. तिथे केंटकीत दिवसाला ६ आणि मिझुरीत १० खारी मारण्याची मुभा आहे, आणि या छोट्या शिकारीसाठी काडतूस घेणारा माणूस सहसा डब्यावरचा भाव पाहून घेतो. माझ्या मते तो चुकीचा आकडा पाहतो. किंमत मोजायची ती काडतुसामागे नव्हे, नेमक्या लागलेल्या गोळीमागे.

हे काडतूस १८८७ मध्ये बाजारात आले आणि त्याची घडण आजही जवळपास तीच आहे. लांबी जेमतेम २५ मिलिमीटर, ४० ग्रेन म्हणजे अडीच ग्रॅमच्या आसपास वजनाची शिशाची गोळी, तिच्यावर मेणाचा किंवा तेलकट लेप, आणि खाली पातळ पितळी पुंगळी. मोठ्या काडतुसांच्या बुडाला मध्यभागी वेगळी टोपी असते. इथे ती नसते. पुंगळीच्या बुडाची कड आतून पोकळ असते. तिच्यात ओले स्फोटक मिश्रण घालून पुंगळी वेगाने फिरवतात, म्हणजे ते कडेभर पसरते. एखाद्या जागी मिश्रण पोहोचले नाही आणि रायफलीची पिन नेमकी तिथेच आपटली, तर काडतूस फुसके निघते. पिनने चेपलेली ही कड पुन्हा वापरता येत नाही, त्यामुळे मोठ्या रायफलींचे शौकीन रिकाम्या पुंगळ्या घरी भरून पैसे वाचवतात तो मार्ग इथे बंद आहे. कारखान्याने जे भरून दिले तेच घ्यायचे. म्हणून इथे निवडीला फार महत्त्व येते.

कारखान्याच्या मालात फरक पडतो तो मुख्यतः सारखेपणाचा. एका काडतुसात दारू किंचित जास्त, दुसऱ्यात किंचित कमी, आणि गोळीचा वेग बदलतो. समजा, सेकंदाला ३२६ मीटरच्या वेगात १२ मीटरचा फरक पडला. ५० यार्डांवर तेवढ्याने गोळी सात-आठ मिलिमीटर वर किंवा खाली लागते, आणि १०० यार्डांवर हाच फरक तीन सेंटिमीटरच्या घरात जातो. खारीच्या डोक्यावर नेम धरताना उपयोगी जागा असते जेमतेम इंचभर. म्हणजे अंतर दुप्पट झाले की केवळ काडतुसाच्या ओबडधोबडपणाने ती जागा हातची जाते, नेमबाज कितीही स्थिर असला तरी. मग खार जखमी होऊन ढोलीत शिरते आणि तिथे मरते. जनावर तडफडावे आणि कोणाच्या ताटातही येऊ नये, याला मी बचत म्हणू शकत नाही. शिवाय झाडावर नेम धरून मारलेली गोळी चुकली तर ती पुढे जाते. ही गोळी दीड मैलापर्यंत जाऊ शकते असा इशारा डब्यांवर छापलेलाच असतो.

जास्त पैसे मोजायचेच तर वेगवान काडतूस घ्यावे, असे पुष्कळांना वाटते. डब्यावर वेग मोठ्या अक्षरांत असतो, त्यामुळे भुरळ पडते. पण आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. त्याहून वेगाने निघालेली गोळी वाटेत आवाजाच्या वेगाखाली येते, तेव्हा हवेचा रेटा तिला डळमळवू शकतो; आणि आडव्या वाऱ्याने ती साध्या गोळीपेक्षा जास्त सरकते, कारण सुरुवातीचा वेग ती फार लवकर गमावते. ऑलिंपिकमधले नेमबाज आवाजापेक्षा मंद गोळी वापरतात ती याच कारणाने. खारीसाठी, सशासाठी तेवढा जोर भरपूर आहे. जागेवर लागलेली मंद गोळी काम करते, जागा चुकलेली वेगवान गोळी करत नाही.

मग सगळ्यात महाग, स्पर्धेचे काडतूस घ्यावे का? त्याचीही गरज नाही. अलीकडच्या अमेरिकी बाजारात पाचशे-साडेपाचशेच्या घाऊक डब्यातले काडतूस साधारण ६ ते ८ सेंटला पडते, साध्या वेगाचे मध्यम प्रतीचे ८ ते १२ सेंटला, स्पर्धेचे २० च्या पुढे. आणि रायफल किंमत ओळखत नाही. एकाच कंपनीच्या, एकाच नमुन्याच्या दोन रायफलींना वेगवेगळी काडतुसे मानवतात, कारण नळीची आतली मापे केसाइतकी का होईना वेगळी असतात. म्हणून मधल्या भावाची चार-पाच प्रकारची पन्नासांची खोकी आणावीत, रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवावी आणि प्रत्येकाची ग्रुपिंग, म्हणजे गोळ्या एकमेकींच्या किती जवळ लागतात ते, पाहावी. प्रकार बदलला की आधी काही गोळ्या वाया घालवाव्यात, कारण आधीच्या गोळीचा लेप नळीत असतो आणि नव्याचा बसायला वेळ लागतो. पाच गोळ्यांच्या एका सुंदर ग्रुपिंगवर विश्वास ठेवू नये. तो योगायोग असू शकतो. दहा-दहाच्या दोन-तीन केल्या की खरे काय ते दिसते.

या चाचणीलाच पैसे लागतात, हा आक्षेप खरा आहे. पाच खोकी म्हणजे सुमारे २५ डॉलर. पण शिकारी हंगामात शंभर काडतुसे उडवत असेल, तर स्वस्त आणि मध्यम यांतला फरक सहा डॉलरच्या वर जात नाही, आणि चाचणी एकदाच करायची असते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: रानात हात थरथरतो, दम लागलेला असतो, तिथे काडतुसाची बारीक चूक कोण विचारतो? पण हाताची चूक काडतुसाच्या चुकीला खोडून काढत नाही, तिच्यात भर घालते. सराव मात्र घाऊक डब्यावर करू आणि शिकारीला चांगले नेऊ, हा तोडगा मला पटत नाही. वेगळे काडतूस वेगळ्या जागी लागते. रायफलीवरची दुर्बीण एकासाठी जुळवलेली असेल तर दुसरे ५० यार्डांवरही इंचभर सरकू शकते.

कॅलिफोर्नियात मात्र हा हिशेब मोडतो. १ जुलै २०१९ पासून तिथे कुठल्याही वन्यप्राण्याच्या शिकारीला शिशाची गोळी चालत नाही. १९८२ मध्ये जगात अवघी २२ उरलेली कॅलिफोर्निया काँडर ही गिधाडे शिशाच्या विषबाधेने मरत होती, आणि शेतात मारून टाकलेल्या खारींतले शिशाचे कण हा त्या विषाचा एक मार्ग होता. तांब्याची .२२ महाग आहे, हलकी आहे, कित्येक रायफलींत नीट जमतही नाही. तरी तो भुर्दंड मला योग्य वाटतो. ज्याची किंमत आजवर गिधाडे मोजत होती ती आता शिकाऱ्याने मोजावी, इतकेच. तिथल्या माणसाने अधिक जवळून, कमी वेळा चाप ओढावा. चाचणीची गरज त्याला इतरांहून जास्त आहे.

इतरत्र, एकदा काडतूस ठरले की खोक्याच्या झाकणाच्या आत किंवा बाजूला छापलेला लॉट नंबर पाहावा. त्याच कारखान्याचा पुढचा लॉट, म्हणजे पुढची खेप, वेगळा वागू शकतो. २०१२ च्या अखेरीनंतर अमेरिकेत .२२ चा असा तुटवडा पडला, की दोनेक वर्षे मिळेल ते घ्यावे लागत होते. तेव्हा निवडीचा प्रश्नच उरला नाही. म्हणून जो लॉट रायफलीला मानवला त्याच लॉटची पन्नासांची दहा खोकी एकदम घ्यावीत आणि कोरड्या, थंड जागी ठेवावीत. शंभरच्या हिशेबाने पाच हंगाम पुरतात.