सातबाऱ्यावर गावाचं नाव

सोमाटणे फाट्यावरून आत वळलं की भातखाचरांपेक्षा प्लॉटिंगचे फलकच डोळ्यांत भरतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पुरा झाला आणि मावळात जमीन पिकवण्यापेक्षा विकण्याची वस्तू होत गेली. याच मावळात लावणीच्या दिवसांत सावड चाले. आज सगळे तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. नांगरटीसाठी इर्जिक घालत, तीत मजुरी नसे, घरधन्याने पोटभर जेवू घालायचं. पण काम उरकलं की ज्याचा बांध त्याचा.

बांधच नसेल तर?

कॅनडातल्या आणि अमेरिकेच्या उत्तर भागातल्या गव्हाच्या पठारावर हटराइट नावाचा ख्रिस्ती पंथ पिढ्यान्‌पिढ्या तसा राहतो. सोळाव्या शतकात मोराव्हियात जमलेल्या या लोकांचा पुढारी याकोब हुटर याला १५३६ मध्ये इन्सब्रुकला जिवंत जाळण्यात आलं. छळ चुकवत ते रशियापर्यंत गेले आणि १८७४ पासून अमेरिकेत येऊ लागले. पहिल्या महायुद्धात लष्करात जायला नकार दिलेल्या त्यांच्या दोन तरुणांचा १९१८ मध्ये लष्करी तुरुंगात मृत्यू झाला, तेव्हा बहुतेक वस्त्या कॅनडात हलल्या.

वस्तीत शे-सव्वाशे माणसं. शेत, गुरं, यंत्रं सगळ्यांची. पगार कुणालाच नाही. जेवणाची घंटा झाली की सगळे एकाच भोजनगृहात येतात. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या, मुलांची पंगत वेगळी. स्वयंपाकाच्या पाळ्या ठरलेल्या असतात. ट्रॅक्टर अगदी नवा, टीव्हीला मात्र सहसा मज्जाव. लग्न झालेली मुलगी नवऱ्याच्या वस्तीत जाते, हे आपल्याकडच्या वाचकाला मुळीच परकं वाटणार नाही. माणसं वाढली की वस्ती दुभंगते आणि निम्मी कुटुंबं नव्या जमिनीवर जातात. हे सगळं सुरेख दिसतं. पण कारभारात मत असतं ते फक्त बाप्तिस्मा घेतलेल्या पुरुषांना.

महाराष्ट्रात याच्या जवळ जाणारं गाव गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यात आहे: मेंढा (लेखा). गोंडांचं हे गाव पाचशेच्या आतबाहेर वस्तीचं. चुली घरोघरच्या वेगळ्या, पण निर्णय एकत्र. ग्रामसभेत मतदान होत नाही. सर्वांचं एकमत होईपर्यंत चर्चा लांबते, प्रसंगी पुढच्या बैठकीवर जाते, आणि तिथे बायकाही बसतात, बोलतात. दारूबंदी अशीच चर्चेतून आली. कायदे आणि जंगल समजून घ्यायला गावात अभ्यासगट चालतात. गावातलेच देवाजी तोफा आणि त्यांचे सहकारी मोहन हिराबाई हिरालाल यांनी ही सवय लावली. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा याच गावाची.

२००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. तरी बांबू विकायला वाहतूक परवाने मिळेनात. अखेर एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवानापुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं, आणि बांबूचा पैसा गावाच्या खात्यात येऊ लागला.

जंगल हाती आल्यावर गाव त्याहून अवघड गोष्टीकडे वळलं. २०१३ मध्ये विनोबांच्या विचारातून आलेल्या ग्रामदान कायद्याखाली शेतकऱ्यांनी खाजगी शेतीची मालकी ग्रामसभेला दिली. विसावा हिस्सा भूमिहीनांसाठी काढायचा. उरलेली जमीन पूर्वीच्याच कुटुंबाने कसायची, पुढे वारसांनीही. बाहेरच्याला मात्र ती विकता येत नाही. पिकाचा चाळिसावा भाग ग्रामकोषात, म्हणजे जुन्या हिशेबात मणामागे शेर. हटराइटांसारखं सगळंच एकत्र न करता कसणं घराचं आणि मालकी गावाची ठेवणारी ही तडजोड जास्त शहाणी वाटते, कारण आळशाचं ओझं कष्टाळूवर पडत नाही आणि अडचणीतल्या घराला जमीन फुंकून टाकता येत नाही.

सरकारी दप्तराला मात्र हे पचलं नाही. राजपत्रात अधिसूचना निघूनही प्रत्यक्ष अंमलबजावणीसाठी मेंढ्याला कित्येक वर्षं पाठपुरावा करावा लागला. ग्रामदान कायदा १९६४ चा आहे आणि तो फक्त आदिवासी गावांपुरता नाही. मावळातलं एखादं गावही त्याचा विचार करू शकतं. त्यासाठी आधी ग्रामसभेला सह्यांपुरतं नव्हे, बोलायला जावं लागेल.