घड्याळ मागे का पडते?
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

चावीचे एखादे जुने घड्याळ पुष्कळ घरांत दागिन्यांच्या डबीशेजारी पडलेले असते. वडिलांचे, नाहीतर आजोबांचे. कधीतरी ते हाती लागते, चावी भरली की टिकटिकू लागते आणि सगळे घर भोवती जमते. दोन दिवसांनी ते दहा मिनिटे मागे पडलेले दिसते आणि ‘बिघडले’ असे म्हणून परत डबीत जाते. या घड्याळाची बाजू आज मांडायची आहे.

आपण चावी भरतो तेव्हा आतली पोलादाची लांब पट्टी गुंडाळली जाते. ती उलगडू पाहते आणि दातेरी चाके फिरवते. तिला मोकळे सोडले तर सगळी चावी क्षणात संपेल. म्हणून शेवटच्या चाकापाशी नांगराच्या आकाराचा एक छोटा तुकडा असतो. तो एका वेळी एकच दात पुढे जाऊ देतो. टिकटिक ऐकू येते ती त्याचीच. कधी सोडायचे हे त्याला सांगते ते बॅलन्स, म्हणजे मागेपुढे झुलणारे चक्र. त्याच्या मध्यावर केसासारखी बारीक स्प्रिंग असते. ही स्प्रिंग डच शास्त्रज्ञ हायगेन्स यांनी १६७५ मध्ये जगापुढे आणली. त्याआधीची खिशातली घड्याळे श्रीमंतांची हौस होती. दिवसाकाठी त्यांचा वेळ बराच इकडेतिकडे होई आणि पुष्कळांना मिनिटकाटाही नसे. या स्प्रिंगनंतर चूक काही मिनिटांवर आली.

आपल्या वडिलांच्या पिढीच्या नेहमीच्या मनगटी घड्याळात हे चक्र सेकंदाला पाच ठोके देते. दिवसाचे ठोके झाले ४ लाख ३२ हजार. दिवसात १,४४० मिनिटे असतात. त्यात एका मिनिटाची चूक म्हणजे हजारात एकापेक्षाही कमी. आपल्यापैकी कोण आपले काम इतके बिनचूक करतो, ते ज्याने त्याने पाहावे.

मग दहा मिनिटे का चुकतात? एक कारण आपल्या जिल्ह्याला चांगलेच ठाऊक आहे, ते म्हणजे ऊन. पोलाद तापले की त्याची लवचीक ताकद थोडी कमी होते, स्प्रिंग ढिली ओढते आणि चक्र सावकाश झुलते. साधी पोलादी स्प्रिंग आणि पितळी चक्र असेल तर तापमान एका अंशाने वाढताच घड्याळ दिवसाला दहा-अकरा सेकंद मागे पडते. यवतमाळात हिवाळ्यातल्या पहाटे पारा १२ अंशांवर असतो आणि मे महिन्याच्या दुपारी ४४ वर. फरक झाला ३२ अंशांचा, म्हणजे दिवसाला पाच-सहा मिनिटांचा! अंगावर असताना शरीराची ऊब घड्याळाला थोडेफार सांभाळून घेते. उन्हाळ्यात खुंटीला टांगलेल्या सदऱ्याच्या खिशात मात्र त्याचे काही खरे नसते.

अठराव्या शतकात यावर दोन धातूंचे चक्र निघाले. खरा उपाय शार्ल गियोम या मूळच्या स्विस शास्त्रज्ञांनी शोधला. उष्णतेने जवळजवळ न वाढणारा लोखंड-निकेलचा मिश्रधातू त्यांना १८९६ मध्ये सापडला. पुढे त्यांनी जिची लवचीकता उष्णतेने फारशी बदलत नाही अशी धातूची जातही तयार केली. १९२० चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक त्यांना या कामासाठी मिळाले. नंतरच्या चांगल्या घड्याळांतली केसासारखी स्प्रिंग अशाच धातूची असते.

दुसरे कारण तेल. चाकांच्या टोकांना सुईच्या अग्राएवढे तेल लागते. ते काही वर्षांनी वाळते, त्यात धूळ बसते. जिनिंगच्या गावात कापसाचा तंतूही बसत असेल. टोके झिजू नयेत म्हणून ती खड्यांत बसवतात. ‘सतरा ज्वेल’ म्हणतात ते हेच. घडीसाज ही रत्ने काढून घेतो, असा समज आपल्याकडे घट्ट आहे. बिचाऱ्याला उगाच दोष लागला! हे खडे कृत्रिम माणकांचे असतात. ती बनवण्याची रीत १९०२ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हापासून त्यांची किंमत नगण्य आहे.

घड्याळ खिशातून मनगटावर आले ते युद्धामुळे. मनगटी घड्याळ हा बायकांचा दागिना, असे पुरुष मानत. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकाला खिशात हात घालायची सवड नव्हती आणि हा संकोच गळून पडला. पण खिसा आईच्या मांडीसारखा आणि मनगट म्हणजे बैलगाडी. धक्क्याने बॅलन्सचे नाजूक टोक तुटायचे. त्याखाली छोटी स्प्रिंग देण्याची युक्ती १९३० नंतर रुळली.

आता थोडे वेगळे विचारतो. घड्याळ मागे पडते म्हणजे कशाच्या मागे? विसाव्या शतकाच्या आरंभी यवतमाळ, दारव्हा, कारंजा, मूर्तिजापूर अशी छोटी रेल्वे झाली. पुढे आपण तिला शकुंतला म्हणू लागलो. तेव्हा हिंदुस्थानातल्या रेल्वेगाड्या मद्रासच्या वेळेवर चालत. आपला सूर्य मद्रासच्या साडेआठ मिनिटे मागे. १९०५ मध्ये आपल्या जिल्ह्याचे वणी हे नाव जाऊन यवतमाळ झाले आणि १ जानेवारी १९०६ पासून सबंध देशाला एक प्रमाणवेळ मिळाली. मुंबईचे घड्याळ त्यामुळे ३९ मिनिटे पुढे गेले. तिथे मोठा विरोध झाला, गिरणी कामगारही चिडले. यवतमाळचा फरक साडेसतरा मिनिटांचा. म्हणजे आपल्या मनगटावर बारा वाजतात तेव्हा सूर्य माथ्यावर आलेला नसतो.

अंगणात काठी सरळ रोवा आणि तिची सावली सगळ्यांत आखूड कधी होते ते पाहा. वर्षाची सरासरी बारा वाजून सतरा मिनिटे येईल. फेब्रुवारीच्या मध्यात बारा वाजून एकतीस-बत्तीस मिनिटे, तर नोव्हेंबरच्या आरंभी जेमतेम बारा वाजून एक मिनिट. सूर्यही सगळ्या ऋतूंत एका चालीने चालत नाही. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत मुंबईचा सूर्योदय छापलेला असेल, तर आपला त्याच्या सुमारे वीस मिनिटे आधी होतो. मुहूर्त धरणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

बंगलोरला १९६१ मध्ये सिटिझन या जपानी कंपनीच्या सहकार्याने एचएमटीची घड्याळे निघू लागली आणि मनगटी घड्याळ मध्यम घरांत आले. नोकरीचा पहिला पगार, मॅट्रिक पास होणे, लग्न अशा निमित्तांनी ‘जनता’ घेतले जाई. तिकडे १९६९ च्या नाताळात जपानच्या सेइकोने क्वार्ट्‌झ घड्याळ विक्रीला आणले. आता क्वार्ट्‌झचा खडा सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा पंधरा वेळा निम्मा करा, बरोबर एक उरतो. इवलेसे सर्किट हेच करते. आपल्या मे महिन्यात हे घड्याळही मागे पडते, पण दिवसाला साधारण एक सेकंद. चाव्या भरणाऱ्यांचा जमाना तिथे संपला. टायटनने १९८७ पासून भर दिला तो क्वार्ट्‌झवरच. एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला.

म्हणून आता सुटे भाग मिळणे अवघड होत चालले आहे आणि भिंग डोळ्याला लावून बसणारे घडीसाज बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. डबीतले घड्याळ चालत असेल तरी चालवत ठेवू नका. वाळलेल्या तेलात ते चालले की टोके झिजतात. ते आधी उघडून, धुऊन, नवे तेल घालून घ्या. काम करणारा हात गावात आहे तोवर घ्या. मग रोज एकाच वेळी, शक्यतो सकाळी, चावी भरा. आणि साफ केलेले घड्याळ मागे न पडता एकाएकी काही मिनिटे पुढे धावू लागले, तर आधी त्याच्या शेजारी काय ठेवले होते ते आठवा. मोबाइलच्या कव्हरमधल्या चुंबकाने केसासारख्या स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात. हे चुंबकत्व घडीसाज आपल्या यंत्रावर काही सेकंदांत घालवून देतो.