बाटलीतली नदी
पाणी नितळ दिसलं म्हणजे स्वच्छ असतंच असं नाही. नदीत सांडपाणी किती मिसळलंय हे सांगणारी जुनी चाचणी म्हणजे बीओडी. नमुन्यातला विरघळलेला प्राणवायू मोजायचा, काठोकाठ भरलेली बंद बाटली 27 अंश सेल्सिअसला तीन दिवस अंधारात ठेवायची (उजेडात शेवाळ प्राणवायू तयार करून हिशेब बिघडवतं) आणि पुन्हा मोजायचं. घाण खाताना जिवाणूंनी जेवढा प्राणवायू संपवला, तेवढा बीओडी. नदीत आंघोळीसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची मर्यादा लिटरला 3 मिलिग्रॅम आहे. मात्र कारखान्याच्या विषारी पाण्यात जिवाणूच मरतात आणि आकडा फसवा, कमी येतो. म्हणून नुसत्या बीओडीवर नदीला स्वच्छतेचं प्रमाणपत्र देऊ नये.