रोशा गवताचा गोतावळा

पावसाळा सरला की सातपुड्याच्या उघड्या, कोरड्या उतारांवर रोशा गवत फुलोऱ्यावर येते. पुरुषभर उंचीच्या काड्या आणि शेंड्याला तांबूस तुरे. लांबून बघणाऱ्याला ते शेजारच्या कुसळी गवताहून फारसे वेगळे वाटत नाही. एक तुरा बोटांत चुरगाळला की मात्र गुलाबाचा वास दरवळतो.

रोशा ज्या प्रजातीतला, ती सिंबोपोगॉन. वनस्पतिशास्त्रज्ञ कुर्ट स्प्रेंगेल यांनी ती 1815 साली मांडली. ज्वारी, ऊस, मका हे तिचे जवळचे नातलग. तिच्या पन्नासेक जाती आफ्रिका, आशिया आणि ऑस्ट्रेलियाच्या उष्ण भागांत वाढतात. अमेरिकेत ती माणसाने नेली. तुरा भिंगाखाली धरला तर होडीसारख्या एका पानवजा छदातून दोन आखूड मंजऱ्या निघालेल्या दिसतात. त्यांवर कणिशके, म्हणजे इवली कणसे, जोडीजोडीने बसलेली असतात. जोडीतले बिनदेठाचे कणिशक दाणा धरते आणि बहुधा त्यालाच कुसळ असते. देठाचे दाणा धरत नाही.

ही ठेवण साऱ्या गोतावळ्यात इतकी सारखी, की जाती ओळखताना अभ्यासकही गोंधळत. भारत आणि श्रीलंकेतल्या तेलगवतांचा हा गुंता ऑटो स्टाफ यांनी 1906 मध्ये लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या नियतकालिकात बऱ्याच अंशी सोडवला. माझ्या मते या प्रजातीची खरी विविधता तुऱ्यापेक्षा तेलात आहे. गवती चहात सिट्रल हे द्रव्य, म्हणून लिंबाचा वास. सिट्रोनेला गवतात सिट्रोनेलाल, ज्याने डास दूर राहतात. रोशात जिरॅनिऑल, जे गुलाबातही असते.

रोशाच्या शास्त्रीय नावात ‘मार्टिनी’ आहे, ते लखनौचे जनरल क्लॉड मार्टिन यांच्यावरून. टिपूविरुद्धच्या लढाईत सैन्याबरोबर बालाघाटच्या पठारावर असताना जनावरे हे गवत अधाशासारखी खाताना त्यांनी पाहिली आणि बी गोळा केले. दुधालोण्यालाही त्याचा वास लागतो, अशी नोंद वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग यांनी केली आहे. लढाईच्या धामधुमीत गुरांच्या तोंडातल्या गवताकडे लक्ष जाणे, हे मला फार मोलाचे वाटते.

रोशाचे दोन प्रकार आहेत, मोतिया आणि सोफिया. मोतिया उन्हातल्या कोरड्या उतारावर विरळ वाढतो, सोफिया ओलसर, सखल जागी दाट माजतो. दिसायला दोघे जवळजवळ एकच, पण मोतियाच्या तेलात तीन चतुर्थांशाहून अधिक जिरॅनिऑल असते आणि सोफियात ते फारच कमी. त्यामुळे बाजारात मोतियाला भाव, सोफिया दुय्यम.

तेल मुख्यतः तुऱ्यात आणि पानांत असते, काडीत नावापुरते. म्हणून कापणी फुलोऱ्यावरच करायची. खानदेशात पिंपळनेरच्या बाजूला ओढ्याकाठी भट्ट्या लागत. कढईत पाणी आणि गवत भरून झाकण मातीने लिंपायचे, वाफ बांबूच्या नळीने वाहत्या पाण्यात बुडवलेल्या भांड्यात न्यायची आणि वर तरंगलेले तेल काढून घ्यायचे. ओढा आटला की काम बंद. हे तेल मुंबईहून जहाजाने तुर्कस्तानपर्यंत जाई आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई. भेसळच ती, पण मोतियाच्या गुणवत्तेची याहून मोठी पावती कोणती?

आपल्या परसातला गवती चहा याच प्रजातीतला, पण त्याची गोष्ट निराळी आहे. लागवडीत तो क्वचितच फुलतो, त्यामुळे बी मिळण्याची आशा नसते. ठोंब फोडून लावायचा, शेजारणीला द्यायचा. रोशा आपल्या डोंगरावर स्वतः पसरला. गवती चहा माणसांच्या हातांनी जगभर गेला.