मुलगी वयात येताना : बापानेही समजून घ्यावे असे काही



या पानावर मी एरवी बेणे प्रक्रिया, पाचट, ठिबक, हुमणी अशा विषयांवर लिहितो. या वेळचा विषय वेगळा आहे. काहीजण म्हणतील, ऊसवाल्या साहेबांना ही उठाठेव कशाला? म्हणून कारण आधी सांगतो.

सुरू लागणीच्या नोंदी घेत मोरगाव भागातल्या एका वस्तीवर गेलो होतो. नोंद झाली, चहा झाला. सभासद मोटारसायकलपर्यंत पोचवायला आले आणि आवाज खाली करून म्हणाले, "साहेब, तुम्ही शिकलेलं माणूस, म्हणून इचारतो. थोरली शहाणी होऊन सा महिने झालं. आता दोन महिने पाळीच न्हाई. घरात कुजबूज चाललीय. म्हातारी म्हणती, शाळा बंद करा. काय करावं?"

पोरगी आठवीत, अक्षर मोत्यासारखे. बापाच्या चेहऱ्यावर काळजी होती आणि काळजीच्या मागे संशयही होता. उसाला किती दिवसांनी किती फुटवे येतात हे मी झोपेतही सांगेन. पण या प्रश्नाचे उत्तर मला येईना. "तालुक्याला डॉक्टरीणबाईंना दाखवा," एवढेच म्हणालो. बाईंनी तपासून सांगितले, मुलीला काही झालेले नाही, पहिली एक-दोन वर्षे पाळी अशीच मागेपुढे होते. अंगात रक्त मात्र कमी आहे. एवढ्याशा अज्ञानापायी एका पोरीची शाळा सुटणार होती. मलाही दोन मुली आहेत. म्हणून डॉक्टरीणबाईंना विचारून, वाचून, जे समजले ते येथे देतो.

बदल क्रमाने होतात

वयात येणे ही एका दिवसाची गोष्ट नाही. पाळी आली त्या दिवशी मुलगी 'मोठी झाली' असे आपण म्हणतो, पण शरीराने तयारी दोन-अडीच वर्षे आधीच सुरू केलेली असते. मेंदूच्या तळाशी पिच्युटरी नावाची हरभऱ्याएवढी ग्रंथी आहे. तिचा इशारा मिळाला की ओटीपोटातल्या दोन्ही बीजकोषांतून संप्रेरके, म्हणजे रक्तात मिसळणारे रस, तयार होऊ लागतात. बाकीचे बदल त्यामुळे होतात.

साधारण ८ ते १३ या वयात छातीत सुपारीएवढी दुखरी गाठ लागते. पुष्कळदा एकाच बाजूला आधी येते, दुसऱ्या बाजूला काही महिन्यांनी. ही रोगाची गाठ नव्हे, वाढीची सुरुवात आहे. मग काखेत आणि जांघेत केस येतात, घामाला वास येऊ लागतो, तोंडावर पुटकुळ्या येतात, कंबर रुंदावते, अंग भरते. या काळात उंची झपाट्याने वाढते. मागच्या वर्षीचा फ्रॉक यंदा आखूड होतो. उंचीचा हा जोर थोडा ओसरला की मग पाळी येते, बहुधा १२-१३ व्या वर्षी. दहाव्या वर्षी आली तरी चालते, पंधराव्याला आली तरी चालते.

शेजारची आधी, आपली मागे, म्हणून घाबरू नये. एकाच दिवशी लावलेले दोन प्लॉटसुद्धा बरोबरीने वाढत नाहीत. जमीन, खत-पाणी आणि बेणे यांचा फरक पडतो. मुलींचेही आईकडून आलेला वारसा आणि खाणेपिणे यांवर अवलंबून असते.

स्वभावही बदलतो. उगाच रडू येते, राग येतो, आरशासमोर वेळ जातो. ही मस्ती नव्हे. असल्या वेळी तिला चारचौघांत टाकून बोलू नये.

पाळी म्हणजे काय?

दर महिन्याला गर्भपिशवीच्या आत एक मऊ अस्तर तयार होते. गर्भ राहिला तर त्याला ते अंथरूण. राहिला नाही की ते अस्तर थोड्या रक्ताबरोबर बाहेर पडते. एका पाळीत जाणारे रक्त सरासरी दोन-तीन मोठे चमचे असते. अंगातली घाण किंवा 'नासके रक्त' बाहेर पडते हा समज चुकीचा आहे.

"कावळा शिवला" म्हणून मुलीला गोठ्यात किंवा पडवीत पोत्यावर बसवण्याची चाल अजून काही घरांत आहे. आपला गाव मोरयाचा, सोवळे-ओवळे पाळणारी घरे पुष्कळ. देवाधर्माचे ज्याने त्याने आपल्या घरी पाहावे, मी त्यात पडत नाही. पण तिच्या स्पर्शाने लोणचे नासत नाही, तुळस वाळत नाही. थंडीत तिला गार जमिनीवर निजवले तर त्रास मात्र खरा होतो. रोज आंघोळ, पोटभर जेवण, स्वतःचे अंथरूण आणि शाळा हे त्या चार दिवसांतही चालू राहिले पाहिजे.

माझ्या थोरलीला पहिल्या वेळी वाटले होते, सायकलवरून पडलो म्हणून आत काहीतरी फाटले. दोन तास ती न्हाणीघरात रडत बसली होती. कारण तिला आधी कोणी सांगितलेच नव्हते; आईला वाटले अजून वेळ आहे, आणि मला वाटले हे माझे काम नव्हे. म्हणून दहाव्या वर्षाच्या सुमारास आईने, आजीने किंवा मावशीने मुलीला जवळ घेऊन सांगून ठेवावे. घरात बाईमाणूस नसेल तर बापाने सांगावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

मागेपुढे किती चालते?

पहिली दोन-तीन वर्षे बीजकोषांचे काम अजून बसलेले नसते. या काळात २१ ते ४५ दिवसांच्या अंतराने पाळी येणे सर्वसाधारण मानतात. अगदी सुरुवातीला एखादा महिना चुकतोही. रक्तस्राव २ ते ७ दिवस. पोटात कळ येणे, कंबर भरणे चालते. गरम पाण्याच्या पिशवीने शेकावे, थोडे हिंडावे-फिरावे.

पाळी यायच्या सहा महिने-वर्षभर आधीपासून अंगावर थोडे पांढरे, दुधी किंवा पाण्यासारखे जाऊ लागते. याची आपल्याकडे फार धास्ती आहे. वास नाही, खाज नाही, तर ते नैसर्गिक आहे. त्याने हाडे झिजत नाहीत, शक्तीही जात नाही.

ही धास्ती किती महागात पडते ते ऊस धंद्यातल्या आपण तरी विसरू नये. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचे प्रकरण गाजले. शासनाने समिती नेमली. ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली, त्यांत १३ हजारांहून अधिक जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. अंगावर जाते, पोटात दुखते, अशा तक्रारी घेऊन गेलेल्या बायकांना कॅन्सरची भीती घातली गेल्याचे तेव्हा पुढे आले. साधे काय आणि दुखणे काय, हे लहानपणीच कोणी समजावले असते, तर त्यातल्या पुष्कळ जणींनी आधी दुसऱ्या डॉक्टरांना विचारले असते.

उसाला केवडा, मुलीला पंडुरोग

चुनखडीच्या जमिनीत ऊस पिवळा पडतो, त्याला आपण केवडा म्हणतो. लोह कमी पडल्याची ती खूण, आणि आपण हिराकस देतो. वाढीच्या वयात आणि पाळीमुळे मुलींनाही लोह जास्त लागते. ते नाही मिळाले की नखे-डोळे फिके पडतात, दम लागतो, अभ्यासात लक्ष लागत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून अधिक मुली रक्ताने कमी आढळल्या. प्लॉट पिवळा दिसला तर आपण त्याच दिवशी कृषी सेवा केंद्रात जातो. पोर पिवळी दिसली तर?

शाळेत आठवड्याला एक निळी गोळी देतात. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक ॲसिड असते. मळमळते म्हणून मुली ती टाकून देतात. जेवणानंतर घ्यायला सांगावे. जंताची गोळीही चुकवू नये. जेवणात बाजरी, मेथी, मटकी, हुलगा, शेंगदाणे आणि वर लिंबू असावे. जेवणाबरोबर चहा नको. (शेतातले हिराकस कोणी पोटात घेऊ नये, ते विषारी ठरेल.)

स्वच्छता

पॅड असो वा घडी, चार ते सहा तासांनी बदलावी. सुती कापड चालते, पण साबणाने धुऊन उन्हात कडकडीत वाळलेले पाहिजे. लाजेपायी कोपऱ्यात, दुसऱ्या कपड्याखाली दमट वाळवलेल्या घडीने खाज आणि जंतूंचा त्रास होतो. वापरलेले पॅड कागदात गुंडाळून पुरावे. कालव्यात किंवा संडासात टाकू नये.

डॉक्टरांकडे केव्हा न्यावे?

आठ वर्षांच्या आत छाती वाढू लागली. तेरा पूर्ण होऊनही काहीच बदल नाही. पंधरा पूर्ण होऊनही पाळी नाही. सात दिवसांहून जास्त रक्त जाते किंवा दर तास-दोन तासांनी पॅड भिजते. तीन महिने पाळीच नाही. दर महिन्याला पोट दुखते पण रक्त येत नाही. शाळा बुडेल इतकी कळ येते. किंवा पांढऱ्याला घाण वास आणि खाज आहे. यांतले काहीही असेल तर देवऋषी नको, डॉक्टर गाठावा. गावातल्या आशाताई वाट दाखवतील.

पाळी म्हणजे तुरा नव्हे

उसाला तुरा आला की वाढ थांबते, तोडीची घाई करावी लागते. पुष्कळ लोक मुलीच्या पाळीकडे त्याच नजरेने पाहतात. "शहाणी झाली, आता उजवून टाका." इथेच चूक होते. पाळीनंतरही मुलगी पाच-सात सेंटिमीटर उंच होते आणि कमरेची हाडे तर पुढची कितीतरी वर्षे भरत असतात. अर्धवट वाढलेल्या शरीरावर बाळंतपण पडले तर आई आणि मूल दोघांच्या जिवाला धोका असतो.

कायदाही हेच शिकत शिकत पुढे आला. १८९१ साली संमतीवय १० वरून १२ केले, त्यावर पुण्यात केवढे वादंग झाले! १९२९ च्या शारदा कायद्याने लग्नाला १४ ची अट घातली आणि १९७८ साली ती १८ वर गेली. तरीही २०१९-२१ च्या पाहणीत राज्यातल्या २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के मुलींची लग्ने अठराच्या आत झालेली निघाली. ही आकडेवारी आपल्याच वाड्या-वस्त्यांतून आलेली आहे.

शेवटी एक विनंती. तोड सुरू झाली की आपल्या फडावर टोळ्या येतात. त्यांच्या कोप्यांतही वयात आलेल्या मुली असतात. ना न्हाणी, ना संडास. आपल्या वस्तीवरचे न्हाणीघर आणि दोन हंडे पाणी त्या पोरींना वापरू द्या. आपल्या घरातल्या बाईने त्यांना एकदा तसे सांगितले की पुरे.

त्या वस्तीवर मी परवा बाळबांधणी पाहायला गेलो होतो. मुलगी शाळेत गेली होती. आजी ओट्यावर बसल्या होत्या, म्हणाल्या, "गोळ्या घेती. चेहऱ्यावर रंग आलाय." मी फुटवे मोजले आणि निघालो.

आपला,
ऊस विकास अधिकारी